मीटरपासून अंगणापर्यंत

मावळातल्या कान्हे स्टेशनच्या फलाटावर लोकलची वाट बघत उभं राहिलं की डोक्यावर विजेची तार दिसते. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली ती याच मुंबई-पुणे मार्गावर, विजेच्या इंजिनावर. त्याच्याही आधी, १९१५ साली, लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांत अडवलेलं मावळचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी वीज तयार केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. तेव्हा विजेवर चालणारं वाहन आमच्या मावळाला नवं नाही. नवं इतकंच, की ते आता आमच्या अंगणात येऊन उभं राहिलंय, आणि त्याला वीज पुरवायचं काम घरमालकाकडे आलंय.

गेली बरीच वर्षं मी कान्हे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर वायरिंगची कामं करतो. आज बोलायचं आहे ते मीटरपासून अंगणातल्या पॉइंटपर्यंतच्या त्या वीसेक मीटर वायरीबद्दल. इलेक्ट्रिक गाडीचं घरचं चार्जिंग बिघडतं ते बहुतेक वेळा तिथंच.

मागच्या आषाढात एका काकांचा पहाटे फोन आला. ओटीवर प्लॅस्टिक जळाल्याचा वास येत होता. जाऊन पाहिलं तर गाडी ठणठणीत, पण सॉकेट वितळून काळं पडलेलं. आत बारीक वायर, आणि मध्ये नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड. काका म्हणाले, “अरे, याच पॉइंटवर आम्ही इतकी वर्षं गिझर चालवला की!” काकांचं म्हणणं खरं होतं. पण गिझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवून आपोआप बंद होतो. गाडी पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे तीन किलोवॅटचा भार तासन्‌तास ओढते. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि ढिल्या जोडावर ती एकवटते. काकांचा जोड रात्रभर तापत राहिला होता. घरातली माणसं शेजारच्याच खोलीत झोपलेली होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून माझी पहिली विनंती: गाडीसाठी मेनबोर्डापासून वेगळी लाइन ओढा. पंधरा अँपिअरच्या पॉइंटला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मध्ये कुठंही जोड नाही. स्वतंत्र एमसीबी आणि वीज गळली की लाइन तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. सॉकेट छातीच्या उंचीवर, झाकणाच्या पेटीत घ्या, कारण मावळचा पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र गाडीला कधीही लावू नका.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. अर्थिंग नसेल तर पुष्कळ चार्जर लाल दिवा दाखवून चालायला नकार देतात. मग कुणीतरी हुशारी करतो आणि सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थला जोडून देतो. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते. पण वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली, तर त्याच जोडावाटे गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते. ओल्या अंगणात अनवाणी पोरानं दाराला हात लावला तर काय होईल, ते सांगायला नको. माझ्या बंधूंनो, वायरमन असाल तर हे काम करू नका. गिऱ्हाईक असाल तर करू देऊ नका. कोळसा-मीठ घालून खड्डा करा, नाहीतर तयार इलेक्ट्रोड पुरा, आणि अर्थिंग वैशाखात मोजून घ्या. पावसात मुरूम ओला असतो तेव्हा ते चांगलंच लागतं. परीक्षा होते ती जमीन वाळल्यावर.

तिसरी गोष्ट वीजबिलाची आणि मंजूर भाराची. साधारण एका युनिटवर गाडी सहा-सात किलोमीटर जाते असं धरा. कान्ह्यातून कामाला जाऊन येऊन रोज साठ किलोमीटर झाले, तर नऊ-दहा युनिट लागतात, आणि पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर ते तीन-साडेतीन तासांत भरतात. म्हणजे बहुतेक घरांना सात किलोवॅटच्या मोठ्या चार्जरची गरजच नाही. मात्र महिन्याला दोन-अडीचशे युनिट वाढतात, आणि घरगुती बिलात वरचे युनिट महागाच्या स्लॅबमध्ये पडतात. गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय केंद्राच्या २०२४ च्या नियमांत आहे, आणि ग्रामीण भागात नवीन जोडणीची मुदत पंधरा दिवसांवर आणली आहे. तसं नको असेल तर निदान महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्या.

भार लपवू नका असं मी का म्हणतो, ते डीपीकडे, म्हणजे आळीच्या ट्रान्सफॉर्मरकडे, बघून कळेल. समजा, आळीत ६३ केव्हीएची डीपी आहे. दहा घरांनी सात-सात किलोवॅटचे चार्जर संध्याकाळी एकदम लावले, तर सत्तर किलोवॅट झाले. डीपी तिथंच बसली, आणि तिच्याबरोबर गाडी नसलेल्या घरातला पंखा आणि पिठाची गिरणीही. त्याच दहा घरांनी छोटा पॉइंट वापरला आणि रात्री अकरानंतर आळीपाळीनं लावला, तर कुणाला काही कळणारसुद्धा नाही. पाण्याची पाळी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो, तशी विजेचीही पाळता येईल.

शेवटी, ज्यांना अंगण नाही त्यांच्याबद्दल. फाट्याजवळच्या नव्या इमारतींतले भाडेकरू, कारखान्यांत येणारे कामगार, खोल्यांवर राहणारी तरुण मुलं. त्यांची गाडी रस्त्यावर उभी असते. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून ती चार्ज करणं म्हणजे जिवाशी खेळ. पण हीच माणसं सकाळी गाडी लावून लोकल पकडतात आणि संध्याकाळी परततात. आठ-नऊ तास गाडी एका जागी उभी. एवढ्या वेळाला महागडा वेगवान चार्जर लागत नाही. चांगल्या अर्थिंगचे, मीटर लावलेले पंधरा अँपिअरचे दहा-बारा पॉइंट पुरतात. ग्रामपंचायतीनं आणि रेल्वेनं मिळून स्टेशनबाहेर एवढी सोय करावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.

फलाटावरची तार जवळजवळ शंभर वर्षं आमच्या डोक्यावर आहे. तिच्यातली थोडी वीज फलाटाबाहेर, आमच्या माणसांच्या गाड्यांपाशीही उतरावी. आणि घरी जे आपल्या हातात आहे, ते आपण नीट करूया: अखंड वायर, अर्थिंगचा चांगला खड्डा, खरा भार.