गाडीतला काँप्युटर

(डब्लिन, कॅलिफोर्निया येथे मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. मी काँप्युटर इंजिनिअर झालो, पण नशीब बघा, काम शेवटी गाड्यांचंच! अँब्युलन्स, पोलिसांच्या गाड्या, दुरुस्तीचे ट्रक यांत ड्रायव्हरशेजारी जाडजूड लॅपटॉप असतो ना, तो कुठला घ्यावा हे मी सांगतो.

एकदा दुरुस्तीच्या ट्रक्ससाठी मी मशीन निवडलं. कागदावर झकास! आयपी 65, म्हणजे धूळ आत जात नाही, पाण्याचा फवारा सोसतो. चार फुटांवरून 26 वेळा पाडलेलं: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. मी खूष.

महिन्याने गेलो तर ड्रायव्हर पत्ते कागदावर लिहून घेत होता. म्हणाला, "उन्हात काही दिसत नाही. परवा 580 वर वाचायला वाकलो आणि पुढची गाडी थांबलेली कळलीच नाही. थोडक्यात वाचलो."

माझ्या पोटात गोळा आला. साध्या लॅपटॉपचा उजेड 250-300 निट असतो, भर उन्हात हजारच्या आसपास लागतो. मी मात्र तो स्क्रीन ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली पास केला होता!

रात्री बाबांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अरे, त्या गाडीतून एक फेरी तरी मारलीस का?"

त्यांची तिकिटांची पत्र्याची पेटी आठवली. खचाखच गर्दी, खड्डे, अंधार, तरी हात बरोबर हव्या त्या तिकिटावर जायचा. पेटी कामाच्या मापाची होती.

तेव्हापासून मी आधी फेरी मारतो. मग कळतं की गाडी सुरू करताना 12 व्होल्टची बॅटरी क्षणभर बरीच खाली येते आणि स्वस्त अडॅप्टरवरचं मशीन बंद पडू शकतं. स्टँड एअरबॅगच्या वाटेत येतो का, हातमोजे घालून स्क्रीन चालतो का, हेही तिथेच समजतं. आणि उष्णता! स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2005 साली दाखवलं की उन्हात बंद उभ्या गाडीत तासाभरात तापमान सरासरी 40 अंश फॅरनहाइटने चढतं. आपल्या डब्लिनच्या उन्हाळ्यात काय होत असेल, हिशोब करा.

"मिलिटरी स्टँडर्ड 810" या शिक्क्यालाही भुलू नका. त्यात चाचण्या पुष्कळ आहेत. कंपनीने त्यातल्या नेमक्या कुठल्या केल्या, कोणाकडून केल्या, ते विचारा.

ते ट्रकवाले स्क्रीन मी बदलून घेतले. खर्च वाढला, बोलणी खाल्ली. पण तो ड्रायव्हर आता रस्त्याकडे बघून गाडी चालवतो.

तुमच्यापैकी बरेचजण न पाहिलेल्या माणसांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा. एक फेरी मारा.