माहितीच्या खेपा

आजचे बोलणे निम्मे शेतकरी मंडळींसाठी आहे आणि निम्मे शिक्षक बंधुभगिनींसाठी. पण कुठला निम्मा कोणाचा, हे मी सांगणार नाही. दोघांनीही सगळे ऐकावे, म्हणजे घरी बोलायला विषय होईल.

सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत माझे येणे-जाणे असते. तिथे एक संगणक आहे, चार हुशार पोरे आहेत, आणि नवीन काही करायची हौस असलेले एक गुरुजी आहेत. दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीन घरात येऊन पडले असताना, आमच्या डोक्यात एक कल्पना आली. शाळेच्या ओट्यावर एक फळा टांगायचा, आणि त्यावर रोज लिहायचे : आज महाराष्ट्रात सोयाबीनला जास्तीत जास्त भाव इतका.

भाव आणायचे कुठून? तर त्याची सोय आहे. बाजार समित्यांतले आवक आणि भाव गोळा करण्यासाठी केंद्र सरकारने २००० साली अ‍ॅगमार्कनेट नावाची योजना सुरू केली. पुढे २०१२ साली सरकारी माहिती सर्वांना खुली करण्याचे धोरण ठरले आणि त्यासाठी एक संकेतस्थळही उभे राहिले. बाजारभावाच्या नोंदी तिथेही मिळतात. राज्य, जिल्हा, बाजार, माल, वाण, तारीख, आणि क्विंटलचे तीन भाव : कमीत कमी, जास्तीत जास्त, आणि तिसरा तो, ज्या भावाने बहुतेक माल विकला गेला. शिक्षक बंधूंनो, दहावीच्या गणितातले 'बहुलक' आठवा. पोरांना ते पुस्तकात कधी कळत नाही. मोंढ्यात लगेच कळते.

या नोंदी माणसाने डोळ्यांनी वाचता येतात, तशा संगणकाच्या आज्ञावलीलाही मागता येतात. पोरांनी पायथन नावाच्या भाषेत दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहिली : महाराष्ट्र, सोयाबीन, आजचे भाव दे. उत्तर आले, त्यातला मोठा आकडा फळ्यावर चढला. पहिल्या दिवशी फळ्यापुढे पाच-सहा माणसे होती. तिसऱ्या दिवशी तर पारावरची बैठकच ओट्यावर आली.

चौथ्या दिवशी एक म्हातारबाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "गुरुजी, काल म्या हिंगोलीच्या मोंढ्यात होतो. तुमच्या फळ्यावर लिहिलंय त्याच्यापेक्षा दोनशे रुपये जास्तीनं माझ्या डोळ्यादेखत सौदा झाला. तुमच्या यंत्राला हिंगोली ठाऊक नाही का?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी संगणकाकडे पाहिले. बाबा पुढे म्हणाले, "शेजाऱ्यानं फळा वाचून पंधरा क्विंटल घरीच व्यापाऱ्याच्या गाडीत घातलं. म्हणला, महाराष्ट्रातच एवढा भाव आहे, तर हिंगोलीला जाऊन काय करू?"

हिशेब तुम्हीच करा. दोनशे गुणिले पंधरा, तीन हजार रुपये. दिवाळीच्या आधीचे तीन हजार. फळा आमचा, अक्षर आमचे आणि चूकही आमची. आज्ञावली मी तपासून दिली होती, म्हणून खरे तर माझीच.

मग आम्ही आलेले उत्तर पहिल्यापासून नीट वाचले. त्याच्या माथ्यावरच लिहिलेले होते : एकूण नोंदी इतक्या, पैकी पाठवलेल्या १०. एकूणचा आकडा दहाच्या कितीतरी पट होता. सरकारने काही लपवले नव्हते. आम्ही पोत्याचे तोंड उघडून वरची मूठभर पाहिली आणि तळाला काय आहे ते न पाहताच भाव करून मोकळे झालो. सरावासाठी जी सामाईक किल्ली तिथे ठेवलेली असते, तिच्यावर एका वेळी दहाच नोंदी मिळतात. मोफत नाव नोंदवून स्वतःची किल्ली घेतली की जास्त मागता येतात. हेही तिथे लिहिलेलेच होते.

तुम्ही विचाराल, सगळे एकदम द्यायला काय होते? अहो, गोदामात दोन हजार पोती आहेत म्हणून कोणी दोन हजार पोती एका बैलगाडीत भरतो का? दारात एकाच वेळी शंभर गाडीवान उभे असतात. एकाने सगळे मागितले तर बाकीचे नव्याण्णव ताटकळतात, आणि त्याची गाडीही वाटेत मोडते. म्हणून सगळीकडे पद्धत एकच : खेपेखेपेने न्या. आज्ञावलीने म्हणायचे, 'पहिल्या शंभर द्या.' त्या आल्या की, 'पहिल्या शंभर सोडून पुढच्या शंभर द्या.' मग दोनशे सोडून, तीनशे सोडून. खेप रिकामी आली की थांबायचे, आणि मिळालेल्या सगळ्या नोंदींची बेरीज माथ्यावरच्या एकूण आकड्याशी ताडून पाहायची. आडत्याची पट्टी हातात आली की आपण वजनाची बेरीज करतोच ना, तसे.

एवढ्यावर काम भागले असते, तर मी आज इथे बोललो नसतो. पण यात एक बारीक खोच आहे.

थप्पी डोळ्यांपुढे आणा. तुम्ही वरची दहा पोती मोजून वहीत लिहिली आणि पाणी प्यायला गेलात. तेवढ्यात हमालाने वर एक नवे पोते चढवले. तुम्ही परत येऊन 'वरची दहा सोडून' पुढे मोजू लागलात. आता तुमचे मघाचे दहावे पोते अकरावे झाले आहे, म्हणून ते दुसऱ्यांदा वहीत चढले. उलट, कोणी वरून एक पोते काढून नेले असेल, तर मघाचे अकरावे आता दहावे झाले. तुम्ही ते सोडून दिले आणि ते वहीत कधीच आले नाही. दोनदा आलेले निदान डोळ्यांना दिसते. न आलेले दिसत नाही. बाजार समित्यांकडून नोंदी येतील तशी यादीत भर पडू शकते, म्हणून 'इतक्या सोडून' या मोजणीवर डोळे मिटून विसंबता येत नाही.

मग उपाय? तोही थप्पीतच आहे. कितवे पोते हे ध्यानात ठेवू नका, शेवटच्या मोजलेल्या पोत्यावर खडूची खूण करा. वर कितीही पोती पडोत वा निघोत, परत आलात की 'खुणेच्या खालून पुढे'. खूण पोत्याला चिकटलेली असते, आकड्याला नाही.

ही खुणेची रीत कशी चालते ते पाहायला मी पोरांना मराठी विकिपीडियाकडे नेले. हा ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला तोही १ मेलाच, १९९९ साली. विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा इतिहास जपून ठेवलेला असतो : कोणी, केव्हा, काय बदलले. हिंगोली जिल्ह्यावरच्या लेखाचाही आहे. हा इतिहास साधारणपणे ताजी नोंद वर, जुनी खाली, असा दिसतो. म्हणजे हमाल सदा वरूनच पोती टाकणार. इथे 'इतक्या सोडून' म्हणत गेलात तर गोंधळ होणारच. म्हणून विकिपीडियाचा संगणक प्रत्येक खेपेबरोबर एक खूणचिठ्ठी देतो. इतिहासाच्या खेपेत त्या चिठ्ठीवर नोंदीची वेळ आणि तिचा क्रमांक असतो. लेखांच्या नावांची यादी मागितली तर पुढच्या लेखाचे नाव असते. ती चिठ्ठी जशीच्या तशी परत दाखवली की पुढची खेप हाती येते. चिठ्ठी आली नाही, की समजावे माल संपला.

अशा नोंदी साध्या माणसाला एका खेपेत जास्तीत जास्त ५०० मिळतात. मंजुरी मिळालेल्या स्वयंचलित आज्ञावलींना ५०००. या आज्ञावलींना मराठी विकिपीडियावाल्यांनी फार छान नाव दिले आहे : सांगकाम्या. सांगाल तेवढेच करतो. पण न कंटाळता करतो. खूणचिठ्ठी सांभाळणे, पुढची खेप मागणे, ही कामे दर वेळी हाताने लिहावी लागू नयेत म्हणून 'पायविकिबॉट' नावाचे तयार अवजारही आहे. तेही पायथनमधलेच, आणि फुकट. पण माझे मत असे, की शिक्षकांनी पोरांना पहिल्यांदा तरी ते वळण हाताने लिहू द्यावे. जात्यावर एकदा दळलेल्याला गिरणीची किंमत कळते.

आता आपल्या भागातली अडचण : वीज. तीस खेपा आल्या, एकतिसावी येता येता वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून आणायचे का? नाही. प्रत्येक खेप आली की ती लगेच फायलीत लिहून ठेवायची, आणि खूणही लिहून ठेवायची. पण क्रम महत्त्वाचा. आधी माल, मग खूण. आमच्यातल्या एका पोरीने विचारले, "सर, आधी खूण लिहिली तर काय बिघडलं?" प्रश्न नामी होता. आधी खूण लिहिली आणि माल लिहायच्या आत वीज गेली, तर उद्या आज्ञावली त्या खुणेच्या पुढून सुरू करील आणि मधली खेप कायमची गळेल. आधी माल लिहिला आणि खूण राहिली, तर तीच खेप पुन्हा येईल, एवढेच. नोंदीला क्रमांक असतो; दोनदा आलेली एक काढून टाकता येते. बाजारभावाच्या नोंदीसाठी बाजार, माल, वाण आणि तारीख मिळून आपणच ओळख ठरवावी. आणि नावांकडे लक्ष असू द्यावे. तिथे नावे इंग्रजी अक्षरांत असतात, आणि आपले वसमत तिकडे बसमत असते. व शोधत बसाल तर हळदीचा एवढा मोठा बाजार हरवेल.

आणखी एक, रीतभातीचे. आज्ञावली एका मिनिटात शेकडो वेळा दार ठोठावू शकते, पण ठोठावू नये. एक खेप मागावी, ती आल्यावरच दुसरी मागावी, मध्ये क्षणभर थांबावे. विकिपीडियाचे सांगणेही असेच आहे : मागण्या एकामागून एक करा, आणि मागणाऱ्या आज्ञावलीत आपण कोण, संपर्क कुठे, हे लिहा. फार घाई केली तर समोरून ४२९ असा आकडा येतो. त्याचा अर्थ, पाहुणे, जरा दमाने घ्या. अशा वेळी लगेच पुन्हा मागू नये. किती वेळ थांबायचे तेही कित्येकदा उत्तरातच लिहिलेले असते. आणि विकिपीडियावरचे लेखन नेले, तर ते कुठून आणले हे सांगून वापरावे. तशी अटच आहे.

फळ्याचे पुढे काय झाले, हे विचारणारे पत्र यायच्या आत सांगून टाकतो. आम्ही चार दिवस तो उतरवून ठेवला. गुरुजी त्या शेजाऱ्याच्या घरी गेले, मीही गेलो. तीन हजार भरून देण्याची भाषा आम्ही काढली, तेव्हा त्यांनी ती मोडून काढली आणि चहा दिला. तो चहा काही गोड लागला नाही. मग पोरांनी स्वतःची किल्ली घेतली, वळण लिहिले, बेरजेची पडताळणी घातली. आता बेरीज जुळली नाही तर आज्ञावली भाव दाखवतच नाही, नुसते 'अपुरे' असे दाखवते.

फळा पुन्हा टांगला, तेव्हा त्यावर जास्तीत जास्त भावाशेजारी बहुतेक मालाचा भावही आला, बाजाराचे नाव आले, तारीख आली. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : एकूण नोंदी इतक्या, आल्या इतक्या. ज्या दिवशी 'अपुरे' येते, त्या दिवशी पोरे फळ्यावर तेच लिहितात.

म्हातारबाबा अजून येतात. वरचा भाव नातवाकडून वाचून घेतात, आणि मग काठीचे टोक खालच्या ओळीवर टेकवून विचारतात, "आणि हे दोन्ही आकडे सारखे आहेत का रे?"