मुरमातले पाणी मोजताना

हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन, आणि प्रत्येक प्रोटॉन हा चिमुकला चुंबक असतो. पाण्याच्या एका रेणूत असे दोन. तारेतून विजेचा झोत सोडून त्यांना जागचे हलवले, की ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डोलू लागतात. या डोलण्याची वारंवारता केवळ क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरते: दर नॅनोटेस्लामागे 0.0426 हर्ट्झ. बेंगळुरूच्या परिसरात हे क्षेत्र सुमारे 41 हजार नॅनोटेस्ला आहे, म्हणून इथल्या भूजलातले प्रोटॉन सेकंदाला साधारण 1,745 वेळा डोलतात. पृष्ठीय चुंबकीय अनुस्पंदन ही पद्धत जमिनीवर उभे राहून हे डोलणे ऐकते.

भूजलशोधाच्या इतर भूभौतिक पद्धती पाण्याबद्दल अनुमान करतात. विद्युत रोधकता कमी आली तर खाली पाणी असेल, चिकणमाती असेल किंवा खारटपणाही असेल. पाण्याने भरलेला मुरूम आणि कोरडी चिकणमाती आलेखावर एकसारखी दिसू शकते. अनुस्पंदनाचा संकेत मात्र पाण्यातल्या हायड्रोजनकडूनच येतो. पाणी नाही तर संकेत नाही. रुग्णालयातल्या एमआरआयचे तत्त्वही हेच. फरक इतकाच की तिथे 1.5 टेस्लाचे क्षेत्र कृत्रिमरीत्या तयार करतात, आणि इथे त्याहून सुमारे 36 हजार पट दुबळ्या अशा पृथ्वीच्याच क्षेत्रावर भागवावे लागते.

जमिनीवर तारेचे वेटोळे पसरतात. सुमारे 100 मीटर खोलीपर्यंत जायचे तर चौकोनाची बाजूही तेवढीच लागते. त्यातून स्थानिक वारंवारतेचा जोरदार विद्युतप्रवाह काही मिलिसेकंद सोडला जातो, मग तो तोडून त्याच तारेने परतीचा संकेत ऐकला जातो. हा संकेत व्होल्टच्या अब्जांशात, म्हणजे काही दहा ते काही शे नॅनोव्होल्ट असतो. त्याच्या आरंभीच्या उंचीवरून पाण्याचे प्रमाण कळते, विरण्याच्या वेगावरून छिद्रांचा आकार कळतो, आणि झोत वाढवत नेला की क्रमाने खोलचे थर बोलू लागतात. चिकणमातीला घट्ट धरलेल्या पाण्याचा संकेत यंत्र ऐकायला तयार होण्याआधीच विरून जातो. जलशास्त्रज्ञाला ही गोष्ट सोयीची आहे, कारण जे मोजले जाते ते मुख्यतः मोकळे, वाहू शकणारे पाणी असते.

कल्पना जुनी आहे. रसेल व्हेरियन यांच्या नावे 1962 मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मंजूर झाले, परंतु चालणारे यंत्र सोव्हिएत रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे अनातोली सेमेनोव्ह यांच्या गटाने 1970 च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू करून उभे केले. त्याचे नाव हायड्रोस्कोप. पुढे 1990 च्या दशकात फ्रान्समध्ये न्यूमिस हे यंत्र बाजारात आले आणि पद्धत जगभर पोचली.

या पद्धतीचा खरा वैरी वीज आहे. 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचे गुणक 1,700 आणि 1,750 हर्ट्झवर पडतात, आणि त्यांतला दुसरा बेंगळुरूच्या प्रोटॉनांपासून जेमतेम काही हर्ट्झ दूर आहे. पुरवठ्याची वारंवारता 49.9 वर उतरली तरी हा पस्तिसावा गुणक साडेतीन हर्ट्झने सरकून आणखी जवळ येतो. इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे टाकले तर गोंगाट बराच कमी होतो, पण खोली गमवावी लागते. अलीकडची यंत्रे दूर ठेवलेल्या वेगळ्या वेटोळ्यांनी निव्वळ गोंगाट नोंदवून तो वजा करतात. विजेच्या गोंगाटाचा हा पेच मराठी मुलखाला नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचे काम 1904 मध्ये अलिबागला हलवावे लागले होते. तिथे होकायंत्राची सुई सांभाळायची होती. इथे संकेत त्याहून कितीतरी नाजूक आहे, आणि सव्वाशे वर्षांनंतर गावोगावच्या पंपांच्या तारा टाळून कुठे जायचे हा प्रश्न अधिक अवघड झाला आहे.

दक्षिण भारताची भूचुंबकीय जागा थोडे देते, थोडे घेते. संकेत क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तेवढ्याच पाण्याचा आवाज इथे फ्रान्सपेक्षा सुमारे चतुर्थांशाने क्षीण येतो. उलट चुंबकीय विषुववृत्त जवळ असल्याने क्षेत्र जवळजवळ आडवे आहे, आणि वेटोळ्याच्या मध्याखाली झोताचे क्षेत्र उभे असते. दोन्ही काटकोनात आल्यामुळे वेटोळ्याखालचे पाणी उत्तम प्रतिसाद देते. शिवाय दुपारी वातावरणाच्या वरच्या थरातला विषुववृत्तीय विद्युतझोत क्षेत्राची तीव्रता वाढवतो. 50 नॅनोटेस्लाचा फरक म्हणजे 2 हर्ट्झ, तेव्हा सकाळी जुळवलेली वारंवारता दुपारी पुन्हा तपासणे आवश्यक ठरते.

या पद्धतीची कठीण खडकातली सर्वांत बोधप्रद परीक्षा कर्नाटकातच झाली. भारतीय विज्ञान संस्थेतील भारत-फ्रान्स जलविज्ञान कक्षाने कबिनी खोऱ्यात प्रायोगिक पाणलोट उभारले आहेत. त्यांपैकी मूळेहोळे हे बंडीपूरच्या जंगलातले, सुमारे 4 चौरस किलोमीटरचे. खाली नाइस खडक, वर कुजलेल्या खडकाचा थर, म्हणजे मुरूम. अनातोली लेगचेंको, मार्क देक्लोआत्र, एम. शेखर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, कुजलेल्या थरात मोकळ्या पाण्याचे प्रमाण गुणिले जाडी 0.2 मीटरहून अधिक असेल, तर पद्धत विश्वासार्ह ठरते. 10 मीटर जाडीच्या मुरमात 2 टक्के पाणी म्हणजे ही सीमा. अनुस्पंदनाने दाखवलेला जलधराचा माथा विहिरींतल्या पातळीशी चांगला जुळला. मात्र त्याखालच्या भेगाळ खडकात मोकळी सच्छिद्रता अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते आणि ती यंत्राला दिसत नाही. वरच्या मुरमातले पाणी खोलच्या पाण्याचा संकेत झाकूनही टाकते.

बेंगळुरूसाठी हा निष्कर्ष निर्णायक आहे. शहरात आणि कोलारकडे बोअर शेकडो मीटर खाली गेल्या आहेत. त्यांना पाणी लागते ते अशाच भेगांत. तिथली भेग हे यंत्र शोधून देणार नाही, आणि बोअरचा पॉइंट दाखवणारे यंत्र म्हणून ते विकणे ही शेतकऱ्याची फसवणूक ठरेल. अंगारा, नारळ आणि पाणाड्याची काडी यांच्या रांगेत आणखी एक महागडी वस्तू उभी राहू नये. त्याचे खरे काम साठ्याचा हिशोब करणे हे आहे. 0.2 मीटर म्हणजे हेक्टरी 20 लाख लिटर. 12,000 लिटरच्या टँकरने मोजले तर दीडशेहून अधिक फेऱ्या. भेगांतून उपसले जाणारे पाणी अखेर याच मुरमातून झिरपत येते. मुरूम कोरडा पडला की भेगांना पाणी पुरवायला वर काही उरत नाही, आणि बोअर आणखी खोल नेऊनही हाती धूळच येते.

म्हणून मोजणी एकदाच करून उपयोग नाही. मूळेहोळेत 2004 च्या पावसाळ्यात आणि नंतर अनुस्पंदन व विद्युत रोधकता यांच्या जोडीने मोजण्या झाल्या, आणि पुनर्भरण ओढ्याच्या पात्राखाली होते की नाही हे पाहता आले. शहराच्या भोवती भरल्या-आटलेल्या तलावांच्या काठी मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच खुंट्यांवर तेच वेटोळे टाकले तर तलावातले पाणी जमिनीत किती मुरले याचा आकडा मिळेल. कोलारच्या तलावांत 2018 पासून सोडल्या जाणाऱ्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याबद्दल हा प्रश्न विशेष निकडीचा आहे.

दख्खनच्या बेसॉल्टचा प्रदेश वेगळ्या अडचणी उभ्या करतो. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा, आणि बेसॉल्टात मॅग्नेटाइट असते. त्यामुळे जमिनीत क्षेत्र जागोजाग थोडे बदलते, शेजारचे प्रोटॉन एकमेकांशी ताल सोडतात आणि संकेत पाण्याच्या अभावी नव्हे, बेतालपणामुळे झटपट विरतो. मांजऱ्या दगडात, म्हणजे पोकळ्या असलेल्या बेसॉल्टात, पाणी असूनही यंत्र कोरडे दाखवू शकते. बेंगळुरूभोवतीचे डोलेराइटचे उभे पट्टेही हीच अडचण करतात. उपाय आहे: थोड्या विरामानंतर दुसरा झोत सोडून विखुरलेले प्रोटॉन पुन्हा एका तालावर आणणे आणि त्यांचा प्रतिध्वनी मोजणे. हे काम वेळखाऊ आहे आणि प्रतिध्वनी मूळ संकेताहून क्षीण असतो, म्हणून वेटोळे टाकण्याआधी मॅग्नेटोमीटरने सारी जागा फिरून पाहणे आणि उघड्या खडकाची चुंबकीय ग्रहणशीलता मोजणे हे बेसॉल्टातल्या कामाचे पहिले पाऊल मानले पाहिजे.