चिमटीतली नखी

निगडी प्राधिकरणात संध्याकाळी एखाद्या घरातून गिटारचा फटफटाट ऐकू आला, तर दोष बहुधा तारांचा नसतो; चिमटीतल्या पिकचा, म्हणजे तारा छेडायच्या पत्तीचा असतो.

सतारीची नखी तर्जनीवर घट्ट बसते. पिक मात्र धरावं लागतं, म्हणून मिरजेच्या सतारीवर हात बसलेल्यालाही ते सुरुवातीला दगा देतं. तर्जनी किंचित वाकवायची, तिच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक ठेवायचं, वरून अंगठा टेकवायचा. टोक बाहेर चार-पाच मिलिमीटरच. जास्त काढलं की तारेत अडकतं. आणि पकड? पोह्याचा पापड न मोडता धरावा, इतपत. मनगट सैल.

जाडी पिकवरच छापलेली असते. 0.5 मिलिमीटरच्या आसपासचं लवचीक, कॉर्ड वाजवायला सोपं. 1 च्या पुढचं कडक, एकेक सूर वेचायला. नवख्याने मधलं, 0.73 घ्यावं, डनलॉपच्या टॉर्टेक्स मालिकेत ते पिवळं असतं.

पूर्वी पिक समुद्री कासवाच्या कवचाचं असे. 1970 च्या दशकात त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. क्वीन बँडचा ब्रायन मे तर सहा पेन्सचं नाणंच वापरतो!

घरात मुदत संपलेलं एटीएम कार्ड असेल, तर त्यातूनच कात्रीने पिक कापून पाहावं. त्याची जाडी 0.76 मिलिमीटर असते. कडा तेवढ्या पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात.