इंजिनाचा संगणक आणि कराडचा मेकॅनिक



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या पेठा आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या, पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला. पाणी ओसरलं तेव्हा घरांत जितका गाळ होता, तितकाच गाड्यांत होता. २००५ च्या पुरानंतरही या पट्ट्यातल्या गॅरेजांनी भिजलेल्या गाड्या उभ्या केल्या होत्या. पण त्या वेळी रस्त्यावर कार्बोरेटरच्या आणि मेकॅनिकल पंपाच्या गाड्या भरपूर होत्या. टाकी रिकामी करा, ऑइल बदला, पंप खोला, वायरिंग वाळवा, सेल्फ मारा, असं ते काम होतं. २०१९ मध्ये जवळजवळ प्रत्येक गाडीत एक ॲल्युमिनियमचा डबा होता. पाणी त्यात शिरलं असेल, तर बाकी सगळं ठाकठीक असूनही गाडी जागची हलत नव्हती.

हा डबा म्हणजे इंजिनाचा संगणक. गॅरेजात त्याला ईसीएम म्हणतात, कुणी ईसीयू म्हणतं. क्रँकवरच्या दातेरी चाकाकडून इंजिन कुठल्या अंशावर आहे ते त्याला कळतं. हवा किती आली, पाणी किती तापलं, पेडल किती दाबलं हे बाकीचे सेन्सर सांगतात. त्यावरून कुठला इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडायचा हे तो ठरवतो. १९६७ मध्ये फोक्सवॅगनने बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली गाडीत बसवली, १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत इंधन आणि ठिणगी या दोहोंचा ताबा एकाच संगणकाकडे आला. भारतात प्रदूषणाच्या निकषांनी हे तंत्र घरोघर पोहोचवलं. मारुती ८०० चा कार्बोरेटर गेला, प्रत्येक सिलेंडरसाठी वेगळा इंजेक्टर असलेलं एमपीएफआय आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हा निकष लागू झाला आणि भाजी आणायला नेतात त्या स्कूटरच्या सीटखालीही संगणक आला. मलकापूर, उंब्रज, इस्लामपूर किंवा विट्याच्या ज्या गॅरेजात फक्त दुचाक्या येतात, त्यालाही आता हा विषय टाळता येत नाही.

या धंद्यातलं सर्वांत महागडं वाक्य म्हणजे ‘ईसीएम गेला’. ते फार लवकर उच्चारलं जातं आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं. डबा खरोखर मरतो. पाणी, उलटी लावलेली बॅटरी, बॅटरी न सोडता केलेलं वेल्डिंग ही त्याची नेहमीची कारणं. पण गाडी बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा डब्याच्या बाहेर असतात, आणि तिथेच आधी पाहायला हवं. स्कॅनर गाडीशी बोलत नसेल तर निकाल देण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या कपलरमध्ये १६ नंबरला बॅटरीचा करंट येतो का? ४ आणि ५ नंबरचं अर्थिंग पक्कं आहे का? ज्या गाड्यांत कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या, तारा ६ आणि १४ नंबरला आहेत, तिथे बॅटरी सोडून त्या दोहोंत रोध मोजला तर साधारण ६० ओहम यायला हवा, कारण जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर जोडलेले असतात. १२० आला तर एक टोक कुठेतरी तुटलंय. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. हे काम काही मिनिटांचं आहे आणि त्यासाठी लागणारं यंत्र प्रत्येक वायरमनच्या खिशात असतं.

अर्थिंगचं तर वेगळं सांगायला हवं. पूर उतरून दोन-तीन महिने झाले की बॉडीला बोल्टने आवळलेला अर्थचा लग आतून हिरवा पडतो. मीटर लावून नुसता रोध मोजला तर तो चांगला दिसतो. सेल्फ मारताना त्या जोडावर किती व्होल्ट पडतात हे पाहिलं की दोष उघडा पडतो. तसंच पाच व्होल्टच्या लाइनचं. ईसीएम अनेक सेन्सरना एकाच लाइनवरून पाच व्होल्ट पुरवतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळेच गप्प होतात आणि डबा मेल्यासारखा वाटतो. एकेका सेन्सरचा कपलर काढत जावं. ज्याच्या काढण्याने पाच व्होल्ट परत येतात, तो चोर. काहीशे रुपयांचा सेन्सर बदलून जी गाडी चालू होते, तिच्यात हजारोंचा डबा घातला तर तो डबाही तसाच गप्प बसतो. मग गिऱ्हाइकाचा विश्वास जातो, आणि तो एका गॅरेजावरचा नाही, सगळ्या धंद्यावरचा जातो.

भिजलेल्या गाडीबाबत एक नियम पाळलाच पाहिजे: चावी फिरवायची नाही. सिलेंडरात पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन-संरक्षणाचं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर विमा कंपन्या असं नुकसान बहुधा नाकारतात. आधी बॅटरीची टर्मिनल काढावीत, मग ईसीएमचे कपलर सोडून पिना पाहाव्यात. वायरीच्या आतून, तांब्याच्या तारांमधून पाणी वर चढत जातं. डबा पाण्याच्या पातळीच्या वर असला तरी तो कोरडा आहे असं समजू नये.

आता डबा खरोखर गेला आहे असं धरू. त्याच नंबरचा डबा पुण्याहून मागवला, लावला, तरी गाडी चालू होत नाही. इथे अनेक चांगले कारागीर अडतात, कारण इथून पुढचं काम पान्याचं नाही. नव्या डब्यात त्या गाडीच्या इंजिनाचं, गिअरबॉक्सचं आणि प्रदूषण-निकषाचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. सतरा अक्षरी चॅसिस क्रमांक लिहावा लागतो. चावीच्या मुठीत बिनबॅटरीची चिप असते. ती, चोरी रोखणारा इमोबिलायझर आणि ईसीएम यांची ओळख जुळवावी लागते, नाहीतर इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं किंवा इंजेक्टर उघडतच नाहीत. सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबनळीतून इंधन देणारं कॉमन रेल डिझेल असेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड ज्याच्या त्याच्या सिलेंडरच्या जागी भरावा लागतो. कारखान्यातून निघालेले दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि तो सूक्ष्म फरक त्या कोडमध्ये असतो. कोड न भरता गाडी रस्त्यावर सोडली तर ती चालते, पण आयडलला हलते, ठोके देते, धूर सोडते. आणि दोष इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या नोझलवाल्याच्या माथी येतो. शेवटी थ्रॉटल आणि क्रँक सेन्सरची नव्याने ओळख करून द्यायची, आणि डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर त्यात आजवर साठलेल्या राखेचा आकडा जुन्या डब्यातून नव्यात न्यायचा. तो नेला नाही तर नवा डबा फिल्टर कोरा आहे असं समजून चालतो.

सॉफ्टवेअर टाकताना बॅटरीचा दाब खाली आला की लिखाण अर्धवट राहतं आणि नवाकोरा डबा निकामी होऊ शकतो. स्थिर दाब देणारा सप्लाय लावल्याशिवाय हे काम करू नये. स्कॅनरवर मोठा खर्च करून या सप्लायवर काटकसर करणारी गॅरेजं आहेत. ती जोखीम मोठी आहे.

भंगारातला जुना डबा हा स्वस्त मार्ग आहे आणि तो अप्रामाणिक नाही. जुना डबा वाचता येत असेल तर त्यातली माहिती त्याच नंबरच्या दुसऱ्या डब्यात उतरवता येते. मात्र चावी आणि इमोबिलायझर जुळवण्याची हीच विद्या चोराच्याही उपयोगाची असते. म्हणून आरसी बुक आणि मालकाची ओळख पाहिल्याशिवाय, आणि त्याची नोंद ठेवल्याशिवाय हे काम हातात घेऊ नये.

प्रश्न उरतो तो हे सॉफ्टवेअर आणि ही माहिती आणायची कुठून. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं हा स्पर्धेचा भंग आहे, असा तो निकाल होता. कंपन्या अपिलात आणि न्यायालयांत गेल्या, पण निकालामागचा विचार जुना झालेला नाही. युरोपने २००७ च्या नियमानेच दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करायला लावली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये तसा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारी आणि शेतीची अवजारं दोन्ही होती. ही मागणी कराडच्या मेकॅनिकने लाजत करण्याची गरज नाही. वाजवी शुल्क घ्यावं, पण माहिती द्यावी.

हक्क मागणाऱ्याने एक गोष्ट मात्र स्वतःहून सोडली पाहिजे. ‘डीपीएफ काढून द्या, ईजीआर बंद करून द्या’ असं म्हणत येणारं गिऱ्हाईक आता प्रत्येक तालुक्यात आहे. प्रदूषण रोखणारे हे भाग सॉफ्टवेअर बदलून निष्प्रभ करता येतात, आणि ते बेकायदा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं जे प्रकरण अमेरिकेत उघडकीला आलं, ते याच डब्यातल्या सॉफ्टवेअरचं होतं: चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती स्वच्छ चालत होती. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने तपासणी केल्यावर त्या कंपनीने ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या परत बोलावत असल्याचं जाहीर केलं. बड्या कंपनीला ज्या कृत्यासाठी जगाने धारेवर धरलं, तेच कृत्य पाच-दहा हजारांसाठी करणाऱ्या गॅरेजला दुरुस्तीच्या हक्काचं नाव घेता येणार नाही.

हे सगळं कराडला अधिक निकडीचं आहे, आणि त्याचं कारण ऊस. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना नवे उत्सर्जन-निकष लागले आणि कॉमन रेलसह ईसीएम शिवारात पोहोचला. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेवर बंद पडला, तर तोडलेल्या उसाचं वजन तासागणिक घटतं. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन कधी येईल याची वाट पाहणं शेतकऱ्याला परवडत नाही. तिथे जवळचा मेकॅनिकच कामाला येतो, आणि त्याच्याकडे यंत्र आणि माहिती दोन्ही हवी.

ती माहिती मराठीत लिहिलेली हवी. किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम १८८८ मधल्या बेळगावच्या सायकलींच्या दुकानात आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये त्याच कारखान्याच्या आवारातून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. लेथ आणि नांगर बनवणाऱ्यांनी मराठीला एक नावाजलेलं मासिक दिलं, ही याच कृष्णाकाठची गोष्ट आहे. आज मेकॅनिक ईसीएमचं काम शिकतो ते हिंदी चित्रफितींवरून आणि तुटक इंग्रजी मेनूवरून. त्याला आलेला अनुभव मात्र त्याच्या डोक्यातच राहतो आणि हाताखालचा पोरगा दुसरीकडे गेला की विखुरतो.

म्हणून मेकॅनिक आणि वायरमन यांच्या कराडच्या या अधिवेशनापुढे ठेवलेला ठराव साधा आहे. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून, सांगलीचं वालचंद १९४७ पासून इथे आहे, आयटीआय आहेत, गॅरेजं आहेत. या सर्वांनी मिळून मराठी नोंदवही सुरू करावी. गाडीचं मॉडेल आणि वर्ष, तक्रार काय होती, स्कॅनरने कुठला कोड दाखवला, कुठल्या पिनांवर किती व्होल्ट आणि किती ओहम मिळाले, डबा बदलला का, बदलला तर जुन्या-नव्याचे भाग क्रमांक आणि सॉफ्टवेअरचा क्रमांक, आणि शेवटी खरा दोष कुठे सापडला, एवढंच तिच्यात लिहावं. मालकाचं नाव नको, चावीचे गुप्त आकडे नकोत. ईसीएम बदलूनही गाडी चालू झाली नाही अशा नोंदी सर्वांत आधी लिहाव्यात. पहिल्या शंभर नोंदी पुढच्या जूनच्या आत जमल्या, तर कृष्णा-कोयनेला पाणी चढेल तेव्हा त्या गॅरेजांच्या भिंतीवर लागलेल्या असतील.