नरक्याचे झाड आणि संगणक

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, आंबोली-राधानगरीच्या रानांत, नरक्या नावाचे एक लहानसे झाड आढळते. त्याच्या फुलांना नावास साजेशी दुर्गंधी असते, आणि त्याचे लाकूड कोणी घराच्या वाशांसाठी नेत नसे. ही उपेक्षाच दीर्घकाळ त्याचे कवच ठरली.

१९६६ साली अमेरिकेत मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर गुणकारी द्रव्य वेगळे केले. यांपैकी वाणी हे मूळचे नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये मुंबईतील गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडले. या द्रव्यापासून सिद्ध होणारी टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे १९९६ पर्यंत अमेरिकेत मान्यता पावली, आणि नरक्यावर कुऱ्हाड पडू लागली. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य सामान्यतः शेकडा एक भागाहूनही कमी असते; शिवाय ते मुळांतही असल्याने झाड समूळ खणून काढले जाते. रोग्याला जीवदान देणारे औषध झाडाच्या मात्र जिवावर उठले!

या पेचातून सुटण्याचा मार्ग जनुकांच्या अभ्यासातून दिसू लागला आहे. वनस्पती असे द्रव्य एका झटक्यात घडवीत नाही. एकामागून एक अनेक विकरे कच्च्या द्रव्यात थोडाथोडा फेरफार करतात, आणि प्रत्येक विकराची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. अडचण एवढीच की, वनस्पतीत जनुके सहस्रावधी असतात. मग हवी ती दहा-वीस ओळखावी कशी? येथे संगणक उपयोगी पडतो. ज्या अवयवात, ज्या वेळी द्रव्य वाढते, तेथे त्याच वेळी कोणती जनुके एकदम जागी होतात, हे तो ताडून पाहतो.

हिमालयातील वनककडीचे उदाहरण फार बोलके आहे. तिच्यातील पोडोफायलोटॉक्सिनपासूनही कर्करोगावरील औषध होते, आणि अतिरेकी खणतीमुळे तीही दुर्मिळ झाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लाऊ व सॅटली यांनी तिच्या पानांना मुद्दाम जखमा केल्या. जखम होताच पान आपले संरक्षक द्रव्य घडवू लागते. त्या क्षणी जागी झालेली जनुके संगणकाने निवडून काढली. ती तंबाखूच्या एका जातभाईच्या पानांत घालून पाहता सहा अज्ञात विकरे हाती आली, आणि त्या परक्या पानांत औषधाचा पूर्वगामी घटक तयार झाला. हे यश २०१५ सालचे.

नरक्याची गोष्ट अधिक अवघड आहे. कॅम्प्टोथेसिन हे एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या अनेक कुळांत आढळते. २०२१ मध्ये चिनी वृक्ष आणि ऑफिओरायझा ही लहान वनस्पती, या दोहोंच्या जनुकसंचांचे सविस्तर वाचन प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले ते असे की, दोघींचे गंतव्य एक असले तरी वाटा मध्येच वेगळ्या होतात. एकीची किल्ली दुसरीच्या कुलुपास लागेलच असे नाही. नरक्याची वाट नरक्याच्याच जनुकांत शोधावी लागणार. त्यासाठी निरनिराळ्या घाटांतील जिवंत झाडे हवीत, कारण एकाच रानातील दोन झाडांतही द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, आणि नेमका हाच फरक संगणकाला हवा असतो. तोवर औषधासाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन मुख्यतः झाडांपासूनच मिळवले जाते.