दात, हाड आणि धातू



भात खाताना बारीकसा खडा दाताखाली आला, तर तो तत्क्षणी कळतो. कसा कळतो? दात तर दगडासारखा कठीण! आजच्या विषयाचे मर्म या साध्या प्रश्नात आहे.

प्रथम कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली हलते ते खालच्या जबड्याचे टोक. सरपटणाऱ्या प्राण्यांचा हा जबडा अनेक हाडांचा असतो. सस्तन प्राण्यांत तो दर बाजूस एकाच हाडाचा झाला, आणि जुन्या सांध्यातली दोन हाडे कानात जाऊन ऐकण्याच्या कामी लागली. मगरीला दात पुन्हा पुन्हा येतात. आपल्याला मात्र दोनदाच, दुधाचे आणि कायमचे. म्हणून पडलेल्या दाताच्या जागी काय बसवावे, हा प्रश्न माणसापुढे उभा राहतो.

१९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टिटॅनियमचे उपकरण काम संपल्यावर निघेना. हाड धातूला घट्ट चिकटले होते! टिटॅनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो. त्यामुळे शरीरातील द्रवांनी तो सहसा गंजत नाही आणि हाड थेट त्याला भिडून वाढते. १९६५ साली गोटेनबर्ग येथे या धातूचे स्क्रू प्रथम एका रुग्णाच्या जबड्यात बसवून त्यांवर दात उभारण्यात आले.

आता खड्याकडे वळू. खरा दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या तंतूंच्या पडद्याने तो खोबणीत टांगलेला असतो. हा पडदा चावण्याचा धक्का झेलतो, आणि त्यातील मज्जातंतू खड्याची वर्दी देतात. धातूचा दात हाडाशी एकजीव होतो, पण हा पडदा तेथे नसतो. तो भक्कम असतो. इतका जाणता नसतो.

ज्यांचे दात गेले त्यांना ही विद्या वरदान आहे, यात शंका नाही. हलणाऱ्या कवळीने त्रासलेल्या माणसाला पुन्हा भाकरी चावता येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु “काढून टाका, नवा बसवू” असे म्हणण्याची घाई आपण करू नये. दाताच्या डॉक्टरांना आधी विचारावे, “हा वाचेल का?” शिवाय धातूला कीड लागत नसली, तरी त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजते आणि पक्का बसलेला स्क्रूही सैल होतो. धूम्रपानाने हा धोका वाढतो. म्हणजे घासण्यापासून सुटका नाहीच!

धातू हाडाचा सोबती होऊ शकतो, हे विज्ञानाने दाखविले. जन्मजात सोबत्याला सांभाळणे मात्र आपल्याच हाती आहे.